फेसबुकचं ‘रिमेम्बरिंग’ खातं: मित्र अचानक गेला, आता त्याच्या प्रोफाइलचं काय?

सतत कुणाची तरी खेचत असणारा, प्रत्येक फोटोखाली काहीतरी फटकळ लिहून जाणारा मित्र एका दिवसात जातो, आणि त्याचं फेसबुक मात्र चालूच राहतं. वाढदिवस आला की सगळ्यांना सूचना जाते. ज्यांना बातमी कळलेली नसते ते त्याच्या वॉलवर ‘पार्टी कधी?’ लिहून मोकळे होतात. मग कुणीतरी खाली हळूच खुलासा करतं, लिहिणारा ओशाळतो, आणि पुढच्या वर्षी तिसऱ्याच कुणाचं तरी तसंच होतं. हे थांबवायची फेसबुकने केलेली सोय म्हणजे ‘मेमोरियलायझेशन’, साध्या शब्दांत स्मृती-खातं. सोय कामाची आहे. पण मित्रांच्या हाती ती अर्धीमुर्धीच येते, आणि घाई केली तर काही गोष्टी कायमच्या जातात. म्हणून पाचपैकी साडेतीन.

गंमत म्हणजे हे सुचलं एका मित्रामुळेच. २००९ साली सोयीची माहिती देताना फेसबुकचा तेव्हाचा सुरक्षाप्रमुख मॅक्स केली याने लिहिलं होतं, की त्याचा जिवलग मित्र सायकलच्या अपघातात गेला आणि त्याच्या प्रोफाइलचं करायचं काय, हा प्रश्न कंपनीपुढे तिथून उभा राहिला. सुरुवातीला असं खातं फक्त आधीच्या मित्रयादीलाच दिसायचं. २०१४मध्ये ते बदललं. माणसाने जी पोस्ट ज्यांच्यासाठी ठेवली होती, ती आता त्यांनाच दिसत राहते. हा बदल योग्यच होता. ज्याने सगळं जगजाहीर लिहिलं, त्याला मेल्यावर बंद खोलीत का ठेवायचं?

खातं बदललं की नावाजवळ ‘रिमेम्बरिंग’ असं येतं. वाढदिवसाच्या सूचना बंद होतात आणि ‘तुमच्या ओळखीचे असू शकतात’ या यादीत तो दिसेनासा होतो. जुने फोटो, पोस्ट, त्याखालच्या मारामाऱ्या सगळं जागेवर राहतं. त्याच्या मूळ सेटिंगने परवानगी असेल तर मित्रांना तिथे आठवणी लिहिताही येतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पासवर्ड माहीत असला तरी यापुढे त्या खात्यात कुणालाही लॉगिन करता येत नाही.

अर्ज करायला नातेवाईक असावं लागत नाही, मित्रही करू शकतो. हेल्प सेंटरमधल्या फॉर्ममध्ये त्याच्या प्रोफाइलची लिंक, मृत्यूची तारीख आणि पुरावा द्यायचा असतो. पुरावा म्हणून मृत्यूचा दाखला चालतो, तसंच छापून आलेली निधनवार्ताही. मित्रांकडे दाखला सहसा नसतो, त्यामुळे निधनवार्ताच उपयोगी पडते. अडतं ते नावावर. सगळे ज्याला टोपणनावाने ओळखायचे, त्याचं फेसबुकवरचं नाव एक आणि कागदावरचं दुसरंच असतं. अशा वेळी दोन्ही नावं असलेली बातमी, किंवा फोटोसह आलेली निधनवार्ता जोडावी. दाखल्याचा फोटो पाठवणार असाल तर पत्ता, ओळख क्रमांक असा नको तो मजकूर आधी झाकून घ्यावा. खातं कायमचं पुसून टाकायची मागणी मात्र मित्राला करता येत नाही. तो हक्क जवळच्या कुटुंबाचा, किंवा त्याने स्वतः नेमलेल्या माणसाचा.

आता घाईबद्दल. हा फॉर्म भरायला दहा मिनिटं पुरतात, आणि तिथेच गोची होते. उत्साही माणूस नुसतं प्रोफाइल ठेवून गप्प बसत नाही. त्याने नाटकाच्या ग्रुपचं, भटकंतीचं, कुठल्याशा स्पर्धेचं पेज काढलेलं असतं आणि ॲडमिन तो एकटाच असतो. फेसबुकचा नियम असा, की एकुलत्या एका ॲडमिनचं खातं स्मृती-खातं झालं, की ते पेज काढून टाकलं जातं. कार्यक्रमांचे सगळे फोटो आणि व्हिडिओ त्याच्याबरोबर जातात. एकट्या ॲडमिनच्या जागी दुसरा नेमायला त्याचंच लॉगिन लागतं, म्हणजे ती वाटही बंद. म्हणून अर्जाआधी पेजवरचं जे जे हवं ते उतरवून ठेवा. व्हिडिओ आधी, कारण फोटोंच्या प्रती दुसऱ्या कुणाकडे तरी सापडतात, व्हिडिओंच्या क्वचितच.

घरच्यांशी बोलल्याशिवाय अर्ज करू नये, हेही त्यातलंच. त्यांना कदाचित खातं ठेवायचंच नसेल, किंवा अजून दूरच्या लोकांना त्यावरून कळवायचं राहिलं असेल. एकदा कुलूप लागलं की त्याच्या नावाने काही टाकता येत नाही.

‘लेगसी कॉन्टॅक्ट’ ही या सोयीतली सर्वांत चांगली गोष्ट, २०१५पासून आलेली. माणसाने जिवंतपणी आपल्या मित्रयादीतल्या एकाला नेमून ठेवायचं. तो पुढे प्रोफाइलवर वरच राहणारी एक पोस्ट लिहू शकतो, प्रोफाइलचा आणि कव्हरचा फोटो बदलू शकतो, नव्या फ्रेंड रिक्वेस्टला उत्तर देऊ शकतो. २०१९पासून काही खात्यांवर आठवणींसाठी ‘ट्रिब्यूट्स’ असा वेगळा कप्पा येतो, तिथे कोण लिहील आणि काय काढायचं हेही तोच ठरवतो. त्याला मेसेज वाचता येत नाहीत आणि कुणाला मित्रयादीतून काढता येत नाही. दोन्ही बंधनं रास्त आहेत. खोट इतकीच, की चाळिशीत खिदळणारा माणूस हे सेटिंग उघडून बघतच नाही. सेटिंग्जमध्ये अकाउंट्स सेंटर, मग पर्सनल डिटेल्स, मग अकाउंट ओनरशिप अँड कंट्रोल, आणि त्यात मेमोरियलायझेशन, इतकं आत पुरलेलं कोण शोधणार? आणि कुणालाच नेमलेलं नसेल तर खातं आहे त्या अवस्थेत गोठतं. शेवटचा प्रोफाइल फोटो जत्रेतल्या आरशात काढलेला वेडावाकडा असला, तर तोच कायमचा. त्याच्या बाबतीत ते शोभूनही दिसेल, पण घरच्यांना चालेलच असं नाही.

अर्ध्या गुणाची आणखी एक वजावट ‘मेमरीज’साठी. सकाळी चहा घेताना फेसबुक हसऱ्या चेहऱ्याने ‘सात वर्षांपूर्वी’ म्हणून दोघांचा फोटो समोर आणून ठेवतं. मेमरीजच्या सेटिंगमध्ये एखाद्या व्यक्तीला किंवा ठरावीक तारखांना लपवायची सोय आहे. तारखा लपवणं जास्त शहाणपणाचं, कारण व्यक्ती लपवली की नंतर जे बघावंसं वाटेल तेही येत नाही. नको असलेला तेवढा आठवडा लपवावा, बाकी येऊ द्यावं.

इन्स्टाग्रामवर अर्जाची पद्धत जवळपास हीच, फक्त लेगसी कॉन्टॅक्ट नाही. गेलेल्या माणसाचा फोटो लावून कुणी बनावट खातं काढलं आणि पैसे मागायला लागलं, तर ते ‘दुसऱ्याचं सोंग घेतलंय’ म्हणून रिपोर्ट करायचं. त्यासाठी मूळ खातं स्मृती-खातं व्हायची वाट पाहू नये.

इतकं करूनही प्रोफाइलवर जे उरतं, त्यात तो माणूस निम्माच असतो. त्याचं हसणं, वाक्याच्या मध्येच बदललेला विषय, मागून येणारा हॉर्न, हे सगळं व्हॉट्सॲपच्या व्हॉइस नोट्समध्ये असतं, आणि तिथे स्मृती-खातं नावाची गोष्टच नाही. खातं १२० दिवस वापरलं नाही की व्हॉट्सॲप ते साधारणपणे काढून टाकतं. तुमच्या फोनमधलं चॅट त्याने जात नाही, पण तो फोन बिघडला तर सगळं गेलं.

पहिलं काम म्हणजे त्याच्याशी असलेल्या चॅटमध्ये ‘डिसअपिअरिंग मेसेजेस’ चालू आहे का ते बघणं. मुदत २४ तास, ७ दिवस किंवा ९० दिवसांची असते. आता ते बंद केलं तरी आधीच्या मेसेजची घटका थांबत नाही. तो प्रत्येक मेसेज दाबून धरून ‘कीप’ करावा लागतो. एरवी पाठवणारा हे ‘कीप’ रद्द करू शकतो, इथे तो उरलेला नाही.

मग चॅट एक्स्पोर्ट करा. मीडियासह शेवटचे १०,००० मेसेज मिळतात, मीडियाशिवाय ४०,०००. पंधरा वर्षांच्या दोस्तीला दोन्ही आकडे अपुरे, म्हणून आधी मीडियाशिवायची प्रत काढा आणि मग मीडियाची. ग्रुपमध्ये ‘ॲडव्हान्स्ड चॅट प्रायव्हसी’ चालू असेल तर एक्स्पोर्ट होतच नाही, ती आधी बंद करून घ्यावी.

अँड्रॉइडवर एक्स्पोर्टपेक्षा सरळ फोल्डर गाठणं बरं. फाइल मॅनेजरमध्ये अँड्रॉइड, मीडिया, मग व्हॉट्सॲपचं फोल्डर, त्यात पुन्हा मीडिया आणि शेवटी व्हॉइस नोट्स. आत वर्ष आणि आठवड्याच्या आकड्यांची फोल्डरं, त्यात ‘पीटीटी’ने सुरू होणाऱ्या ओपस, म्हणजे आवाजाच्या फाइली. नावात तारीख असते, माणूस नसतो, त्यामुळे दूधवाला, भाची आणि तो सगळे एकाच ढिगात. चॅटमधली तारीख आणि लांबी जुळवून बघायची, सापडली की लगेच प्रत काढून प्रतीचं नाव बदलायचं (मूळ फाइलचं बदललं तर चॅटमध्ये ती वाजत नाही): त्याचं नाव, तारीख आणि तो काय बोलतोय त्याचे दोन शब्द. हे एका बैठकीत उरकत नाही. रोज पाचसहा फाइली पुरे, नाहीतर ऐकण्यातच रात्र जाते. प्रती दोन ठिकाणी ठेवाव्यात, त्यातलं एक ठिकाण फोनबाहेरचं.

शेवटचं राहिलं त्याच्या नंबरचं. सिम बंद पडलं की मोबाईल कंपनी काही महिन्यांनी तो नंबर दुसऱ्याला देऊ शकते. मग एक दिवस त्याच्या नावापुढे अनोळखी बाळाचा डीपी दिसतो, आणि छातीत धस्स होतं. म्हणून त्याचा आत्ताचा डीपी आणि ‘अबाउट’मधली ओळ यांचा स्क्रीनशॉट आजच घ्यावा. फोनबुकात त्याचं नाव ठेवावं, नंबर मात्र त्यातून काढून नोंदीच्या रकान्यात लिहून ठेवावा.