एफईचं तयार किट: काय घ्यावं, काय दुकानातच ठेवावं

प्रवेशाच्या कॅप राउंडच्या याद्या लागायला लागल्या की इंजिनीअरिंग कॉलेजांच्या गेटसमोरच्या स्टेशनरीत एकच माल पुढे मांडलेला दिसतो: ‘एफई किट’, म्हणजे इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाचं सामान. मिनी ड्राफ्टर, ड्रॉइंग बोर्ड, शीटची नळी, कंपासपेटी, दोन पेन्सिली, क्लिपा, प्रो-सर्कल (गोल कोनमापक), वर्कशॉपचा एप्रन, आणि महागडं किट असेल तर कॅल्क्युलेटरसुद्धा. आईवडील एकदाच पैसे मोजून मोकळे होतात. मुलगा किंवा मुलगी मात्र मोकळी होत नाही, कारण या ढिगात कामाच्या वस्तू दोनच आहेत, ड्राफ्टर आणि कॅल्क्युलेटर, आणि नेमक्या त्या दोन कुणी काउंटरवर उघडून बघत नाही.

खरेदीच्या आधी कॉलेजात दोन प्रश्न विचारायचे. ड्रॉइंगची परीक्षा हाताने आहे की कॅडवर, म्हणजे संगणकावर? आणि शीट कुठल्या मापाचं लागतं? एआयसीटीई या तंत्रशिक्षण परिषदेच्या २०१८ च्या नमुना अभ्यासक्रमात इंजिनीअरिंग ग्राफिक्सला आठवड्याला १ तास लेक्चर, ४ तास प्रॅक्टिकल आणि ३ क्रेडिट होते, आणि त्यात कॅडचाही भाग होता. प्रत्यक्षात प्रत्येक विद्यापीठ आणि प्रत्येक स्वायत्त कॉलेज आपापलं प्रमाण ठरवतं. सगळं संगणकावर असेल तर अर्धं किट माळ्यावर जाणार. शीटचंही तसंच. कुठे ए२ म्हणजे ५९४ × ४२० मिमी, तर कुठे हाफ इम्पीरियल, २२ × १५ इंची. ए२ च्या शीटला किमान डी२ बोर्ड हवा, ७०० × ५०० मिमी. किटमध्ये त्याहून लहान बोर्ड आला की शीटची कड बाहेर लोंबते आणि ड्राफ्टरची पट्टी खालच्या कोपऱ्यापर्यंत टेकतच नाही.

आता ड्राफ्टर. मिनी ड्राफ्टर म्हणजे समांतर दांड्यांच्या दोन जोड्या, एका टोकाला बोर्डला आवळायचा क्लॅम्प, दुसऱ्या टोकाला अंशांची चकती आणि तिच्यावर काटकोनात बसवलेल्या दोन अ‍ॅक्रिलिक पट्ट्या. दांड्यांचा समांतरभुज चौकोन होतो, म्हणून हेड बोर्डभर कुठेही नेलं तरी पट्टीची दिशा बदलत नाही. सगळी किमया एवढीच. ती दोन गोष्टींनी बिघडते: सांध्यातले रिव्हेट ढिले असले तर, किंवा जोडीतल्या दोन दांड्यांमध्ये बारीकसा फरक असला तर. बाहेरून दोन्ही दिसत नाहीत. रंग चकचकीत, पाऊच छान, आणि हेड धरून हलवलं की पट्टी डुलते.

दुकानातच पाच मिनिटांत तपासता येतं. बोर्ड काउंटरवर ठेवा, क्लॅम्प डाव्या वरच्या कोपऱ्याजवळ आवळा, एक कोरा कागद चिकटवा. वरच्या बाजूला २०० मिमी लांब आडवी रेघ मारा. चकतीला हात न लावता हेड खाली आणा आणि दुसरी रेघ मारा. दोन्ही रेघांमधलं अंतर डाव्या आणि उजव्या टोकाला मोजा. फरक अर्ध्या मिलिमीटरच्या आत असेल तर चालेल. एक मिमी निघाला तर ड्राफ्टर परत द्या. दुकानदार ‘वापरून बसेल’ म्हणेल, पण ढिला रिव्हेट वापरून आणखी ढिला होतो. मग काटकोन. उभ्या पट्टीने एक रेघ मारा, चकती ९० अंशांनी फिरवा आणि आता जी पट्टी उभी झाली ती त्याच रेघेला लावून बघा. बसली नाही तर पट्टीचा स्क्रू सैल आहे किंवा चकतीवरच्या खुणांत चूक आहे. स्क्रू आवळून होत असेल तर ठीक, खुणांना इलाज नाही.

बोर्डाची परीक्षा त्याहून सोपी. स्टीलची पट्टी धारेवर उभी धरून बोर्डावर कर्णात टेकवा आणि उजेडाकडे बघा. फट दिसली तर प्लाय वाकलेला आहे. बोर्ड फार पातळ असेल तर क्लॅम्पचा स्क्रू पूर्ण आत जाऊनही पकड येत नाही, मग मुलं वहीचा पुठ्ठा घडी घालून मध्ये कोंबतात आणि रेघ मारता मारता अख्खा ड्राफ्टर सरकतो.

ड्राफ्टर चांगला असूनही शीट वाकडं येतं, त्याचं कारण बहुतेक वेळा लावायच्या क्रमात असतं. आधी शीट बोर्डावर सरळ लावायचं. मग चकती शून्यावर आणायची. मग क्लॅम्प थोडा सैल ठेवून आडवी पट्टी शीटच्या खालच्या कडेला जुळवायची, आणि सर्वात शेवटी क्लॅम्प आवळायचा. मुलं उलटं करतात: आधी क्लॅम्प गच्च, मग पट्टी कडेला जुळेपर्यंत चकती फिरवतात. चकती २ अंशांवर थांबते. आडव्या रेघा झकास येतात, म्हणून काही लक्षात येत नाही. आयसोमेट्रिक, म्हणजे ठोकळ्याचं तिरपं चित्र, काढताना ३० वाचून रेघ मारली की ती २८ ची नाहीतर ३२ ची होते, आणि ठोकळ्याची शेवटची कड कोपऱ्याला मिळतच नाही. मग खोडरबर.

कंपासपेटीबद्दल एवढंच की पेटी दिसायला मोठी असते, लागतो त्यातला एक मोठा कंपास आणि एक डिव्हायडर. सुई शिशाच्या टोकापेक्षा साधारण १ मिमी पुढे हवी, कारण तेवढी ती कागदात रुतते. आत आलेलं शिसं बहुधा एचबी असतं. रेघा एचने मारल्या आणि वर्तुळ एचबीने, की वर्तुळ काळंकुट्ट आणि त्याला लागलेली स्पर्शरेषा फिकी दिसते, आणि तपासणाऱ्याची नजर आधी तिथेच जाते. एच किंवा २एचचं शिसं घ्या, सँडपेपरवर एका बाजूने घासून छिन्नीसारखी धार द्या आणि घासलेली बाजू बाहेर ठेवून बसवा. पेन्सिली किटमध्ये दोनच, त्याही एचबी. आकृती जुळवायच्या फिक्या रेघांना २एच, बाह्यरेषेला एच, अक्षरांना एचबी, अशा तीन लागतात. त्या सुट्या घ्या.

डिव्हायडरचा मोह एका जागी आवरायचा. सायक्लॉइडसाठी ५० मिमी व्यासाचं वर्तुळ एक फेरी गडगडवायचं असतं, म्हणजे परीघ १५७ मिमी आणि त्याचे १२ भाग. प्रत्येक भाग १३.०८ मिमी. डिव्हायडर १३ वर धरून बारा उड्या मारल्या तर शेवटी १ मिमी कमी पडतो, १३.३ वर उघडला गेला तर अडीच मिमी पुढे जातो आणि वक्राचं शेवटचं टोक १५७ च्या खुणेवर उतरतच नाही. १५७ ची रेघ काढून तिच्या टोकातून तिरपी रेघ घ्यायची, तिच्यावर बारा समान खुणा करायच्या, शेवटची खूण १५७ च्या टोकाला जोडायची आणि ड्राफ्टरने समांतर रेघा मारायच्या. चूक साठतच नाही. बारा बिंदू जोडायला फ्रेंच कर्व्ह बऱ्याच किटांत नसतो; प्रो-सर्कल असतं, ज्याचा इथे काही उपयोग नाही.

आणि जीटी. ग्लास ट्रेसिंग हा शब्द हॉस्टेलमध्ये पाऊल ठेवल्यावर आठवडाभरात कानावर पडतोच: काचेखाली बल्ब, वर सीनियरचं शीट, त्यावर आपलं. सबमिशनला आठ शीट एका रात्रीत उरकतात. नैतिक प्रवचन बाजूला ठेवू. व्यवहारात काय होतं ते बघा. ज्यानं टर्मभर जीटी मारली त्याचा ड्राफ्टर नवाकोरा राहतो. हाताने परीक्षा असेल तर शीट लावणं, शून्य जुळवणं, चौकट आखणं यातच त्याची पहिली वीस मिनिटं जातात. सरावलेल्या हाताला तेवढ्या कामाला पाच पुरतात. डावीकडे २० मिमी आणि बाकी तीन बाजूंना १० मिमी समास, ही चौकट डोळे मिटून यायला हवी. उशिराच्या राउंडमध्ये प्रवेश मिळालेल्यांचं लेटरिंग आणि रेघांचं पहिलं शीट हमखास बुडतं. त्यांनी ते घरी काढून घ्यावं: ७ आणि ५ मिमी उंचीची अक्षरं आणि आकडे, आणि लांबी रुंदीच्या तिप्पट असलेले बाण. दोन संध्याकाळींचं काम आहे.

आता कॅल्क्युलेटर. किटमधल्या पैशांत तो घेऊ नका, वेगळा घ्या, बिलासकट. कॅसिओचं एफएक्स-९९१ ईएस प्लस वर्षानुवर्षं एफईच्या हातात आहे आणि पहिल्या वर्षाला पुरून उरतं. ९९१ एमएस स्वस्त पडतं, पण त्यात अपूर्णांक आणि वर्गमूळ वहीत लिहितो तसं दिसत नाही, आणि कंस कुठे विसरला ते सापडत नाही. नवं ९९१ सीडब्ल्यू ताकदीनं मोठं आहे: ४ चलांची समीकरणं, ४ × ४ मॅट्रिक्स. मात्र त्याची बटणं आणि मेनू पूर्ण बदललेले आहेत, त्यामुळे सर किंवा सीनियर जे बटण सांगतील ते तिथे सापडत नाही. त्यात क्यूआर कोडही निघतो. आपल्या परीक्षेला कुठलं मॉडेल चालतं ते नियमात वाचूनच घ्या. (पदव्युत्तर प्रवेशाच्या गेट परीक्षेसाठी म्हणून महागाचं घेण्यात अर्थ नाही. तिथे पडद्यावरचाच वापरावा लागतो.)

ईएस प्लस हातात आलं की पहिलं काम: शिफ्ट, ९, ३, बरोबर (=), एसी. सगळं मूळ स्थितीत येतं. शिफ्ट, मोड, ३ म्हणजे डिग्री. शिफ्ट, मोड, ४ म्हणजे रेडियन. वर डी किंवा आर अक्षर दिसतं, आणि ते न बघणं ही पहिल्या वर्षातली महागडी सवय. शून्य ते पाय (π) साइन एक्सचं इंटिग्रेशन करा. उत्तर २. डिग्री मोडमध्ये यंत्र ०.०८६ दाखवतं आणि कुठलीही चूक दाखवत नाही. मेकॅनिक्सला डिग्री, इंटिग्रेशनला रेडियन, एवढं पुठ्ठ्यावर लिहून ठेवा.

बेसिक इलेक्ट्रिकलमध्ये या यंत्राचे पैसे वसूल होतात. २३० व्होल्ट, इम्पीडन्स ८ + जे६. मोड, २ ने कॉम्प्लेक्समध्ये जा. २३० भागिले कंसात ८ + ६आय (यंत्रात जे च्या जागी आय, तो ईएनजीच्या बटणावर आहे), मग शिफ्ट, २, ३, बरोबर. उत्तर २३ अँपिअर, कोन उणे ३६.८७ अंश. हाताने हेच करताना कॉन्जुगेटने गुणण्यात अर्धं पान जातं. कंस विसरलात तर यंत्र २३० ला फक्त ८ ने भागतं आणि ६आय मिळवतं. उत्तर दिसायला तसंच, साफ चुकीचं.

रेझोनन्सच्या सूत्रात, १ ÷ (२π√LC) मध्ये, हीच खोड वेगळ्या रूपात येते. ०.१ हेन्री आणि १०० मायक्रोफॅरडला वारंवारता ५०.३३ हर्ट्झ. १ ÷ २ × पाय × वर्गमूळ असं सरळ दाबत गेलात तर ०.००५ येतं, कारण भागाकार फक्त २ चा झाला. अपूर्णांकाचं बटण दाबून खालची सगळी रक्कम खाली भरा, प्रश्नच मिटतो.

एम-वनमध्ये (गणिताच्या पहिल्या पेपरात) मोड, ५, ४ म्हणजे घन समीकरण. ३ × ३ मॅट्रिक्सच्या आयगेन व्हॅल्यू यंत्र थेट देत नाही, पण लक्षण समीकरण (कॅरॅक्टरिस्टिक इक्वेशन) मांडलं की मुळं देतं. सहगुणकांची चिन्हं सांभाळा: अधिक, उणे, अधिक, उणे. १, −६, ११, −६ भरलं की १, २, ३ मिळतात. सगळे अधिक भरले तर −१, −२, −३. तीनही मुळांची बेरीज मॅट्रिक्सच्या कर्णाच्या बेरजेइतकी आली का, हे दहा सेकंदांत बघून घ्या. पायऱ्या मात्र वहीत लिहाव्याच लागतात. नुसत्या उत्तराला मार्क मिळत नाहीत.

उरलं वर्कशॉपचं. किटमधला एप्रन बहुधा पॉलिएस्टरचा, चापूनचोपून इस्त्री राहणारा. वेल्डिंगची ठिणगी पडली की पॉलिएस्टर वितळून कातडीला चिकटतं. जाड सुती घ्या, बाह्या मनगटापर्यंत, आणि पायात बंद चामडी बूट. कापडी बुटातून ठिणगी आरपार जाते.

सुटं घेतलं तर बेरीज किटच्या आसपासच जाते, पण पैसा योग्य जागी पडतो. पुण्यात अप्पा बळवंत चौकात सुटं सामान एका फेरीत मिळतं. सीनियरचा वापरलेला ड्राफ्टर मिळत असेल तर नव्यापेक्षा तो बघा: तीन-चार सेमिस्टर वापरूनही दोन रेघांची परीक्षा पास झाला तर त्याचे सांधे पक्के आहेत. वापरलेला बोर्डही चालतो. वापरलेला कंपास घेऊ नका, त्याचा वरचा सांधा सैल झालेला असतो आणि वर्तुळ सुरू केल्या जागी परत येत नाही.