आर्डुइनोजेसन: पाच, सहा आणि सात, तेवीस पेट्यांच्या हिशेबाने

तासगावच्या आसपास द्राक्षबागांमध्ये माझ्या तेवीस पेट्या उभ्या आहेत. पेटी म्हणजे पांढरा प्लास्टिकचा डबा, आत एक बोर्ड (छोटासा संगणकच), बाहेर तीन सेन्सर. पानांवरचा ओलावा, तापमान आणि हवेतली आर्द्रता मोजायची आणि दर पंधरा मिनिटांनी सर्व्हरला कळवायची, एवढंच तिचं काम. पान किती तास ओलं राहिलं यावरून डावणी या द्राक्षाच्या बुरशीरोगाचा अंदाज बांधतात, त्यामुळे ऑक्टोबर छाटणीनंतर बागायतदार सकाळी चहाआधी हे आकडे बघतो. पेटी आणि सर्व्हर यांच्यातलं सगळं बोलणं जेसनमध्ये (माहिती मजकुरात मांडायची एक पद्धत) चालतं आणि ते वाचायला-लिहायला मी २०१८ पासून आर्डुइनोजेसन ही लायब्ररी, म्हणजे दुसऱ्याने लिहून ठेवलेला तयार कोड, वापरते आहे.

लायब्ररी कशी आहे यावर सगळीकडे लिहिलेलं सापडेल. ती चांगलीच आहे. मला लिहायचंय तिच्या नव्या आवृत्त्यांबद्दल. मोबाइलवरचं ॲप अपडेट झालं आणि बिघडलं, तर आपण काढून टाकतो. माझी पेटी बिघडली तर मला ॲक्टिव्हा काढून चिखलातून बागेत जावं लागतं, स्टुलावर चढून चार स्क्रू काढावे लागतात आणि मांडीवर लॅपटॉप ठेवून नवा प्रोग्राम चढवावा लागतो. म्हणून लायब्ररी निवडताना मी दोनच गोष्टी बघते: करणारा माणूस बदल कसे करतो, आणि केलेले कसे सांगतो.

करणारे आहेत फ्रान्समधले बेन्वा ब्लाँशों. २०१४ पासून ही लायब्ररी मुख्यतः त्यांच्या एकट्याच्या खांद्यावर आहे. परवाना एमआयटीचा, म्हणजे फुकट, धंद्यात वापरली तरी कोणी विचारायला येत नाही. आकड्यांची शिस्त साधी आहे. शेवटचा आकडा बदलला तर दुरुस्ती, मधला बदलला तर नवी सोय, आणि पहिला बदलला तर तुमचा जुना कोड मोडू शकतो. शिस्त सगळेच सांगतात, इथे ती पाळलेली दिसते.

मी आले तेव्हा पाचवी आवृत्ती चालू होती आणि सहावी बीटामध्ये, म्हणजे चाचणीत, होती. २०१९ मध्ये सहावी पक्की झाली आणि माझा एकूण एक प्रोग्राम मोडला. जेसन वाचायचं पार्स-ऑब्जेक्ट गेलं, लिहायचं प्रिंट-टू गेलं, मेमरी पुरवणारा जेसन-बफर हा प्रकारच गेला. पण मोडला कसा, ते बघा. एरवी अशा वेळी कंपायलर (आपला कोड बोर्डाला कळेल असा करून देणारा प्रोग्राम) दोनशे ओळींचं गाऱ्हाणं ओकतो आणि त्यातून आपण काय ते समजून घ्यायचं असतं. इथे लाल अक्षरांत सरळ वाक्य आलं: डायनॅमिक-जेसन-बफर हा आर्डुइनोजेसन ५ मधला क्लास आहे, सहाव्या आवृत्तीवर कसं यायचं ते अमुक पानावर वाचा. म्हणजे जुनी नावं काढून टाकल्यावर त्या जागी त्यांनी पाट्या लावून ठेवल्या होत्या. रस्ता बंद, पलीकडून जा. त्या पानावर जुना कोड डावीकडे, नवा उजवीकडे. एका शनिवारी दुपारी बसले आणि चहाच्या दोन फेऱ्यांत काम संपलं. इतक्या मोठ्या बदलात इतका कमी मनस्ताप मला दुसऱ्या कुठल्या लायब्ररीने दिलेला नाही.

सहाव्या आवृत्तीवर मी बरीच वर्षं सुखाने काढली. मधल्या आकड्यांमध्ये कामाच्या सोयी येत राहिल्या. ६.१५ मध्ये फिल्टर आला: हवामानाच्या सेवेकडून येणाऱ्या लांबलचक उत्तरातले हवे तेवढे तीन आकडे उचलायचे, बाकीचे मेमरीत घ्यायचेच नाहीत. ८० किलोबाइट रॅमच्या ईएसपी८२६६ या चिपवर, सुरक्षित जोडणीनेच त्यातला मोठा घास घेतल्यावर, ही चैन नव्हती, गरज होती.

दुसरी गोष्ट मराठीची. आमच्या सर्व्हरवर पीएचपी आहे आणि ते मराठी अक्षरं जशीच्या तशी पाठवत नाही, प्रत्येक अक्षराचा नि मात्रेचा सहा चिन्हांचा सांकेतिक आकडा करून पाठवतं. ‘खालची बाग’ हे प्लॉटचं नाव यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं साठवायची नेहमीची पद्धत) २५ बाइटचं, तेच तारेवरून येताना ४९ चिन्हांचं होतं. आधी हे उलगडायला लायब्ररीत एक स्विच चालू करावा लागायचा, पुढे सहाव्याच मालिकेत ते आपोआप व्हायला लागलं. युरोपातल्या माणसाने मूलभूत सोय म्हणून हे आतच घालावं याचं मला बरं वाटलं. आपल्याकडचे सप्लायर अजून ‘इंग्लिशमध्येच ठेवा ना मॅडम’ म्हणतात.

सहाव्याची खोड एकच, आणि तिने मला पुरतं छळलं. डॉक्युमेंट (लायब्ररी जेसन मेमरीत ठेवते तो डबा) तयार करताना त्याला किती बाइट लागतील ते आधीच सांगावं लागे. त्यासाठी संकेतस्थळावर एक हिशेबनीस आहे, आपला जेसन चिकटवला की तो आकडा देतो. पण एकदा दिलेली जागा परत मिळत नसे. एखाद्या किल्लीची (नोंदीच्या नावाची) जुनी मजकुराची किंमत (त्या नावापुढची माहिती) बदलून नवी टाकली, तर जुनी आत पडूनच राहायची, घरातल्या माळ्यासारखी. मी सेटिंग्जचं एकच डॉक्युमेंट महिनोन्महिने जिवंत ठेवलं होतं. माळा भरला आणि नवीन किंमत गुपचूप रिकामी यायला लागली. असं करू नका, डॉक्युमेंट थोड्या वेळापुरतं वापरा आणि किमती आपल्या स्ट्रक्टमध्ये (कोडमधल्या ठरावीक खणांत) काढून ठेवा, असं त्यांच्या कागदपत्रांत लिहिलेलं होतंच. मी वाचलं ते पेट्या बोंबलल्यानंतर.

सातवी आवृत्ती आली जानेवारी २०२४ मध्ये. स्टॅटिक आणि डायनॅमिक असे दोन प्रकार गेले, नुसतं जेसन-डॉक्युमेंट राहिलं. आकार सांगायचा नाही, लागेल तशी ते स्वतः मेमरी घेतं, सोडलेली जागा परत वापरतं. माळ्याची भानगड संपली. सारखेच शब्द दोनदा आले तर एकदाच साठवतं. नवशिक्या पोराला शिकवायला ही आवृत्ती खरोखर सोपी आहे. माझ्याकडे डिप्लोमाची मुलं येतात, त्यांना आता तो बाइटांचा हिशेब घालावा लागत नाही.

आणि इथेच माझी तक्रार सुरू होते. सहाव्याच्या वेळी जुना कोड मोडला होता. सातव्याच्या वेळी त्यांनी विचार केला असणार की लोकांना फार त्रास नको. म्हणून बरीच जुनी नावं ठेवली, आत नवं यंत्र घातलं. जुना स्टॅटिक-जेसन-डॉक्युमेंट लिहिलेला कोड सातव्यात कंपाइल होतो. फक्त ते आता स्टॅकवर (आधीच माप ठरलेल्या मेमरीत) राहत नाही, हीपवर (लागेल तशी मागून घ्यायच्या मेमरीत) जातं. नाव स्टॅटिक, वागणं डायनॅमिक. कंपायलर पिवळ्या अक्षरांत बजावतो की हे जुनं झालं. बदलांच्या यादीतही स्पष्ट लिहिलंय की बहुतेक प्रोग्राम चालावेत म्हणून या सोयी ठेवल्यात, पण कोड बदलून घ्याच. लपवाछपवी कुठेही नाही. पण पिवळं वाचतो कोण?

मी वाचत नाही. त्या ऑक्टोबरात जुना लॅपटॉप गेला. नव्यावर आर्डुइनो आयडीई (कोड लिहून बोर्डावर चढवायचं सॉफ्टवेअर) टाकलं, लायब्ररी मॅनेजरमध्ये नाव टाइप केलं, इन्स्टॉल दाबलं. तिथे सर्वांत नवी आवृत्तीच आधीपासून निवडलेली असते, मी बघितलंही नाही. त्यात भर म्हणजे ताज्या आयडीईत कंपायलरच्या इशाऱ्यांचा खटका ‘काही नाही’वर असतो. जुन्या लॅपटॉपवर मी तो कधीतरी ‘सगळे’वर केला होता आणि विसरून गेले होते. म्हणजे पिवळी अक्षरं आलीच नाहीत. कोड हिरवागार कंपाइल झाला, मी पाच पेट्यांवर चढवला आणि घरी येऊन झोपले.

माझ्या प्रत्येक पॅकेटमध्ये एक छोटा आकडा जातो: डॉक्युमेंटने किती मेमरी वापरली. सर्व्हरवर त्याचा आलेख असतो. सकाळी बघते तर पाच रेघा जमिनीला टेकलेल्या. बरोबर शून्य. तापमान येतंय, ओलावा येतोय, मेमरी शून्य. माझ्या डोक्यात पहिलं आलं ते बोर्ड खराब झाल्याचं. पहिल्या बागेत गेले तर मालक (सगळे अण्णाच म्हणतात) बांधावर उभे.

‘काय ताई, पेटी झोपली व्हय?’

‘नाही अण्णा, जागी आहे. मलाच काहीतरी चुकीचं दिसतंय.’

‘मग चष्म्याचा नंबर बघा की.’

डबा उघडला. आत मुंग्या, एक वाळलेली पाल आणि ठणठणीत चालणारा बोर्ड. बांधावर बसून लायब्ररीचा सोर्स उघडला तेव्हा ती ओळ सापडली. मेमरी-युसेज हे फंक्शन सातव्यात आहे, हाक मारली की उत्तरही देतं, आणि ते उत्तर नेहमी शून्य असतं. शेजारी तसं लिहिलेलंही आहे: जुनं झालं, कायम शून्य देतं. अण्णांचं बरोबर होतं, चष्म्याचाच प्रश्न.

चूक माझी, शंभर टक्के. तरी परीक्षण म्हणून सांगते: असं फंक्शन सरळ काढून टाकायला हवं होतं. कंपाइल अडलं असतं तर मला घरातच कळलं असतं. लेखकाने दयेपोटी ठेवलेलं दार उघडं राहिलं आणि मी त्यातून पाच पेट्या घेऊन गेले. सहाव्याच्या वेळी लावलेल्या लाल पाट्यांची पद्धत मला याहून कितीतरी जास्त आवडते. आम्हा चिखलातल्या लोकांना लाल परवडतं.

बाकी सातव्याबद्दल एक प्रामाणिकपणा मला फार आवडला. ती आवृत्ती मोठी आहे, लहान ८-बिट चिपवर सहावीच बरी, हे त्यांनी स्वतःच सांगितलंय. आपलीच जुनी आवृत्ती वापरा म्हणणारा दुकानदार मी तरी पाहिलेला नाही. माझ्या नऊ जुन्या पेट्यांत एटीमेगा३२८ ही तशीच लहान चिप आहे, रॅम २ किलोबाइट, प्रोग्रामला ३२,२५६ बाइट. त्यात सिमकार्डच्या मोडेमचा कोड आधीच दाटीवाटीने बसलेला. कुतूहल म्हणून सातवी घालून बघितली, तर आयडीईने ‘स्केच टू बिग’ (प्रोग्राम मावत नाही) म्हणून हात जोडले. आणि सातवी आल्यानंतर त्याच महिन्यात सहाव्या मालिकेतही ६.२१.५ ही दुरुस्ती निघाली. म्हणजे सांगितलं आणि वाऱ्यावर सोडलं, असंही नाही.

आता मी आयडीई सोडून प्लॅटफॉर्मआयओ या दुसऱ्या साधनावर आले आहे. तिथे प्रकल्पाच्या फाइलमध्ये लायब्ररीच्या नावापुढे आवृत्ती लिहून ठेवता येते आणि टोपीचं चिन्ह (^) लावलं की पहिला आकडा ओलांडून ती पुढे जात नाही. नुसतं नाव लिहाल तर तिथेही सर्वांत नवीच येईल. आयडीईवर राहणार असाल तर मॅनेजरमध्ये नावाखालच्या यादीतून आवृत्ती हाताने निवडा आणि इशाऱ्यांचा खटका ‘सगळे’वर करा, आजच.

पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो त्या शून्याबद्दल. बदलांची यादी वाचायला इतकी नीट की तिच्यासाठीच वेगळा तारा द्यावा, पण एकूण पाचच आहेत. ईएसपीवाल्या चौदा पेट्या आता सातवर आहेत, कोड सगळा नव्याने लिहून, आणि मेमरीचा आलेख मी बोर्डाच्या मोकळ्या हीपवरून काढते. नऊ जुन्या ६.२१.५ वर आहेत. त्यांचा डबा उघडायची वेळ आली तर ती मुंग्यांमुळे येईल.