खिडकीची सोलर फिल्म: गडद रंगाला भुलू नका

ऊन रोखायला खिडकीच्या काचेवर चिकटवतात ती पातळ फिल्म जितकी काळी तितकी खोली थंड, हा समज चुकीचा आहे. नुसती रंगवलेली स्वस्त फिल्म उजेड अडवते, उष्णता फारशी नाही. वर काही वर्षांत जांभळट पडते. घ्यायचीच तर सिरॅमिकचे बारीक कण असलेली ‘सिरॅमिक’ फिल्म घ्या. महाग असते, पण उजेड राखून उष्णता रोखते, मोबाइलच्या सिग्नललाही अडथळा करत नाही. 

पाकिटावर ‘९५ टक्के इन्फ्रारेड रोखते’ असं ठळक छापलेलं असतं. इन्फ्रारेड म्हणजे उन्हातले न दिसणारे किरण, उन्हाच्या ऊर्जेचा फक्त एक भाग. तो आकडा बाजूला ठेवा, ‘टीएसईआर’ (टोटल सोलर एनर्जी रिजेक्टेड) विचारा. उन्हाची एकूण किती ऊर्जा अडते ते त्यातच कळतं. तो ५० टक्क्यांच्या वर असेल तर फिल्म चांगली. 

दुहेरी किंवा आत तारेची जाळी असलेल्या काचेला उष्णता शोषणारी फिल्म लावू नका. काच असमान तापून तडकते, अर्धी सावलीत असेल तर हमखास धोका. 

लावताना काच ब्लेडने खरवडून साफ करा, साबणाचं पाणी भरपूर फवारा, रबरी पट्टीने मधून कडेकडे पाणी काढा. कडेला एक-दोन मिलिमीटर फट सोडाच. पाण्याचे फुगे महिन्याभरात जिरतात, अडकलेला धुळीचा कण मात्र कायमचा राहतो.