मरीन प्लायच्या नावाखाली: कन्नमवार नगरातल्या आमच्या नव्या घराचं इंटिरियर

विक्रोळीच्या कन्नमवार नगरात आमची म्हाडाची जुनी इमारत पाडून टॉवर उभा राहिला. भाड्याच्या घरात काही वर्षं काढल्यावर आई-बाबांना नव्या फ्लॅटचा ताबा मिळाला. आत भिंती, टाइल्स आणि बिल्डरने दिलेला ग्रॅनाइटचा ओटा, बाकी सगळं करून घ्यायचं होतं. सगळ्यांना चाव्या एकदमच मिळाल्यामुळे इंटिरियरवाल्यांची झुंबड उडाली होती. आता आजूबाजूच्या इमारतींचेही ताबे सुरू होतील, म्हणून जे झालं ते सविस्तर लिहितोय.

आम्ही काम दिलं तो माणूस कोकणातलाच, बाबांना काका आणि आईला काकू म्हणणारा. आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर त्याने एक घर केलं होतं आणि ते खरोखर चांगलं झालं होतं. त्या घराचे मालक निवृत्त सिव्हिल इंजिनीअर, सकाळ-संध्याकाळ खुर्ची टाकून साइटवर बसायचे, हे नंतर कळलं. म्हणजे चांगलं काम त्याला येत होतं. कुठे करायचं आणि कुठे नाही, हे तो माणूस बघून ठरवायचा.

कोटेशन साडेनऊ लाखांचं: किचन ट्रॉल्या, दोन बेडरूमची कपाटं, बेड, टीव्ही युनिट, फॉल्स सीलिंग, वायरिंग. साहित्यासमोर एवढंच लिहिलेलं, ‘१८ एमएम मरीन प्लाय, १ एमएम सनमायका, सॉफ्ट क्लोज हार्डवेअर’. कंपनीचं नाव नाही, आयएस नंबर (भारतीय मानकाचा क्रमांक) नाही. बाबांनी विचारलं तर म्हणाला, “काका, मरीन म्हणजे मरीन, त्यात काय लिहायचं?”

लिहायचं पुष्कळ असतं. प्लायवर दोन नंबर बघायचे. आयएस ३०३ म्हणजे सर्वसाधारण वापराचा प्लाय. बाजारात ज्याला कमर्शियल किंवा एमआर म्हणतात तो यातलाच. आयएस ७१० म्हणजे मरीन. ७१० ची कसोटी अशी की तुकडा ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवला तरी थर सुटता कामा नयेत. एमआर हवेतला दमटपणा सोसतो, पाणी नाही, त्यामुळे बेसिनखाली त्याचा उपयोग शून्य. दोन्हींच्या भावात मोठा फरक, आणि सनमायका चिकटला की दोन्ही दिसायला एकच. आमच्या माणसाची कमाई या फरकात होती.

टेम्पो आला तेव्हा बाबा खाली उभे होते. वरच्या शीटवर ७१० चा शिक्का, आयएसआय मार्क, खाली लायसन्स नंबर. बाबांनी फोटो काढला, मी तो लायसन्स नंबर भारतीय मानक ब्यूरोच्या बीआयएस केअर ॲपवर टाकून बघितला. नंबर खरा निघाला. शीट हॉलच्या भिंतीला टेकवून उभ्या केल्या गेल्या आणि खरी हुशारी तिथे होती: पुढच्या शीट मरीन, मागच्या सगळ्या कमर्शियल. शिक्केवाल्या शीट त्याने कपाटांच्या दारांना वापरल्या, कारण दार वाकलं तर गिऱ्हाइकाला लगेच दिसतं. कपाटांच्या आतल्या पेट्या, कप्पे, तळ सगळं कमर्शियल, आणि आतून पांढरा सनमायका मारल्यामुळे बघायची सोयच नाही. मालाचं चलन मागितलं की “दुकानदाराकडे राहिलंय काका, उद्या आणतो.” ते चलन आजतागायत आलेलं नाही.

पैशाची मांडणीही अशीच गोड होती. वर्क ऑर्डरला ४० टक्के, सुतार बसल्यावर ३० टक्के, सनमायका लागल्यावर २५ टक्के, शेवटी ५ टक्के. नीट बघा: सनमायका लागला तेव्हा ९५ टक्के पैसे देय, आणि ट्रॉल्या, हँडल, चॅनेल, लाइट फिटिंग, पॉलिश हे सगळं बाकी. त्यात दर शनिवारी सुतारांची खर्ची रोख मागायचा, पुढच्या हप्त्यातून वळती करू म्हणून. बाबांनी जन्मभर बेस्टमध्ये कारकुनी केलेली; खर्चीचा प्रत्येक रुपया डायरीत लिहून समोर त्याची सही घेतली. तो हसत सही करायचा. आज आमच्या वकिलांना सगळ्यात जास्त आवडलेला कागद ही डायरी आहे.

मग बिलाचं माप आलं. कपाटाचा दर चौरस फुटाला १,५०० रुपये ठरला होता आणि मुंबईत कपाट समोरच्या दर्शनी भागावर मोजतात. ७ फूट रुंद, ७ फूट उंच, म्हणजे ४९ चौरस फूट, ७३,५०० रुपये. बिलात ७७ चौरस फूट होते. दोन्ही बाजूंच्या दोन-दोन फुटी फळ्या वेगळ्या धरून १,१५,५०० रुपये लावलेले. एका कपाटामागे ४२,००० जास्त. यावर वाद सुरू झाला आणि त्याचं साइटवर येणं कमी होत गेलं. ट्रॉल्यांचा माल भिवंडीत अडकलाय, फिटर गावाला गेलाय, आई आजारी आहे. तोवर आमचे जवळपास ८ लाख ४० हजार गेले होते.

खरं काय ते सुतारांनी सांगितलं. त्यांचीही मजुरी थकली होती, म्हणून ते बाबांकडे आले. त्यातला एकजण म्हणाला, “अंकल, हमको जो माल दिया वो लगाया. नीचे पूरा कमर्शियल है.” बेसिनखालची खालची पट्टी त्याने स्क्रू काढून उघडली. कापलेल्या कडेला लालसर-पांढरे थर वेडेवाकडे, मध्ये पोकळ्या, एका ठिकाणी तर काडेपेटीची काडी अर्धी आत गेली. पट्टीने जाडी मोजली, १६ एमएम भरली. त्यानंतर जुलै आला. बेसिनचा पाइप थोडा पाझरत होता, तेवढ्यावर तळाची फळी चहात बुडवलेल्या खारीसारखी फुगून थराथराने सुटली. त्याच सुमारास एसी बसवायला आलेल्या इलेक्ट्रिशियनने बोर्ड उघडला. एसीच्या पॉइंटला कोटेशनप्रमाणे ४ स्क्वेअर एमएमची वायर हवी होती, आत २.५ ची निघाली. वायरच्या वेष्टणावर आकडा छापलेला असतो, पण भिंत बुजल्यावर तो कोण वाचणार?

पोलिसांत गेल्यावर उत्तर मिळालं की ही दिवाणी बाब आहे. वकिलांनी समजावलं की भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८ लावायचं तर सुरुवातीपासून फसवायचाच हेतू होता हे दाखवावं लागतं, आणि अर्धवट केलेलं काम समोर असलं की ते जड जातं. ग्राहक आयोगाचा रस्ता त्यापेक्षा बरा. आधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, मग स्पीड पोस्टाने नोटीस, मग उपनगर जिल्ह्याच्या आयोगात अर्ज. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. आमची ५ ते १० लाखांत बसते, म्हणून २०० रुपये. मुदत दोन वर्षांची असते, त्यामुळे “करतो, येतो” ऐकत बसू नका. प्लायचा दर्जा सिद्ध करायला प्रयोगशाळेची तपासणी लागू शकते, म्हणून फुगलेली फळी फेकली नाही. तारखेसह व्हिडिओ काढून तुकडे पिशवीत बांधून ठेवलेत. डेब्रिजच्या गोणी जिन्यात पडून राहिल्याबद्दल सोसायटीने डिपॉझिटमधून कापलेले पैसेही मागणीत घातलेत. रक्कम किरकोळ आहे, पण आईने हट्टच धरला.

प्रकरण चालू आहे. ट्रॉल्या दुसऱ्या सुताराकडून बसवून घेतल्या. त्याला हप्ते वस्तूवार दिले: एक कपाट पूर्ण, त्याचे पैसे.

तुमच्याकडे सुतारकाम चालू असेल आणि सनमायका अजून लागला नसेल, तर आज संध्याकाळी टॉर्च, मोजपट्टी आणि स्क्रू ड्रायव्हर घेऊन साइटवर जा. ढिगातली मागची शीट पुढे ओढून शिक्का बघा. पेटीच्या आतल्या फळीची कापलेली कड बघा, जाडी मोजा. उरलेला एक तुकडा उचलून घरी आणा, त्यावर खोली आणि तारीख लिहा, आणि कुकरमध्ये नाही, मोठ्या पातेल्यात उकळत ठेवा. दोन-तीन तासांत थर सुटायला लागले, तर पुढचा हप्ता थांबवा आणि सनमायकाचा टेम्पो गेटवरूनच परत पाठवा.