प्युअर ड्राइव्ह, ब्लेड, ईझोन : नेरूळच्या कोर्टवर दहा महिने

आधी कुठल्या रॅकेटी ते सांगते. बॅबोलाटची प्युअर ड्राइव्ह, 2021 चं मॉडेल, माझी स्वतःची, गेल्या मे महिन्यात नवी घेतलेली. विल्सनची ब्लेड 98, आठवी आवृत्ती, खारघरच्या एका खेळाडूकडून वापरलेली घेतली. योनेक्सची ईझोन 100 माझ्या डबल्सच्या जोडीदार ताईंची. हिवाळ्यात महिनाभर त्यांनी ती मला दिली आणि तेवढे दिवस माझी प्युअर ड्राइव्ह वापरली.

मी सेहेचाळीस वर्षांची आहे. सोसायटीच्या सिंथेटिक हार्ड कोर्टवर आठवड्यातून चार दिवस सकाळी साडेसहाला खेळते, बहुतेक वेळा डबल्स. फोरहँडवर भरवसा आहे, बॅकहँडला स्लाइस (चेंडूला उलटी फिरकी देणारा कापीव फटका) जास्त, सर्व्ह मध्यम वेगाची. विशीतला जोरकस मुलगा याच तीन रॅकेटींबद्दल वेगळं सांगेल आणि तेही खरंच असेल.

आता जे मला सगळ्यात आधी कुणीतरी सांगायला हवं होतं ते. नवी रॅकेट तारांशिवाय आली होती, म्हणून एका दुकानात गटिंगला, म्हणजे तारा घालायला, दिली. दुकानदार म्हणाले, "मॅडम, पॉलिएस्टर टाकू या, 56 पाउंड. जितके पाउंड जास्त तितकी पॉवर जास्त." मी हो म्हटलं. पाउंडांत तारांचा ताण मोजतात. पुढे कळलं की गोष्ट उलटी आहे. तारा जितक्या ताणलेल्या, तितक्या त्या कमी दबतात आणि चेंडूला कमी ढकलतात. ताण वाढवला की ताबा वाढतो, जोर कमी होतो. शिवाय पॉलिएस्टर मुळातच कडक. फटक्याच्या वेळी उभ्या तारा बाजूला सरकतात आणि झटकन जागेवर येतात, म्हणून टॉपस्पिन, म्हणजे चेंडूला पुढच्या दिशेची फिरकी, भरपूर मिळतो. पण तो मिळवायला हात तेवढ्या वेगानं फिरवावा लागतो. माझ्यासारख्या मध्यम वेगाच्या हाताला स्पिन थोडा आणि हादरा पूर्ण मिळतो.

जुलैच्या मध्यावर कोपराची बाहेरची बाजू दुखायला लागली. सांडशीनं दुधाचं पातेलं उचलवेना, कपडे पिळता येईनात. टेनिस एल्बो. मनगट मागे वळवणाऱ्या स्नायूची कंडरा जिथे कोपराच्या हाडाला धरते, तिथलं हे दुखणं. फिजिओथेरपिस्टनी खेळ बंद करायला लावला आणि हलकं डंबेल धरून मनगट सावकाश खाली सोडण्याचा व्यायाम दिला. तो मी आजही करते. खेळ नऊ आठवडे बंद राहिला. पावसामुळे कोर्ट तसंही अर्धा वेळ ओलं असायचं, तरी बाल्कनीतून चेंडूचा आवाज आला की जीव कासावीस व्हायचा.

सप्टेंबरअखेर परत गेले तेव्हा आमच्या मार्कर काकांनी, म्हणजे कोर्टवर सराव देणाऱ्या काकांनी, रॅकेट हातात घेतली, तारांवर अंगठा दाबला आणि म्हणाले, "ताई, हा तर पत्रा आहे. रॅकेट ठेवा, गटिंग बदला." तारा कापून टाकल्या. त्याऐवजी मल्टिफिलामेंट घातली, म्हणजे शेकडो बारीक धागे एकत्र करून केलेली मऊ तार, 52 पाउंडांवर. पहिल्या दहा मिनिटांत वाटलं की हातात दुसरीच रॅकेट आहे. फ्रेम तीच, ग्रिप तीच. त्या सकाळी मी ठरवलं की आता ज्या रॅकेटी तपासायच्या त्या सगळ्या एकाच तारेवर तपासायच्या.

तसंच केलं. तिघींना तीच तार, तोच ताण, एकाच माणसाकडून एकाच मशीनवर. तिघींच्या ग्रिपचा घेर सव्वाचार इंच, वर एकच ओव्हरग्रिप, म्हणजे मुठीवर गुंडाळायची पट्टी. तिघींची वीण 16 उभ्या आणि 19 आडव्या तारांची आहे, त्यामुळे तुलना सोपी झाली. रॅकेटवर छापलेलं वजन तारांशिवायचं असतं हेही लक्षात ठेवा: गटिंगचे पंधरा-सोळा ग्रॅम आणि ओव्हरग्रिपचे पाचेक वर धरायचे.

प्युअर ड्राइव्ह. 300 ग्रॅम, हेड (तारांचा भाग) 100 चौरस इंच, आणि फ्रेम जाड: मधल्या भागात 26 मिलिमीटर. कडकपणाचा आकडा सत्तरच्या आसपास. चेंडू तारांवर फार तर चार-पाच मिलिसेकंद असतो. तेवढ्यात फ्रेम वाकली की थोडी ताकद वाकण्यातच जाते. कडक फ्रेम वाकत नाही, म्हणून ती ताकद चेंडूला मिळते. कोर्टवर याचा अर्थ असा की मी उशिरा पोचले, हात पूर्ण मागे नेता आला नाही, नुसती रॅकेट पुढे धरली, तरी चेंडू समोरच्या बेसलाइनजवळ पडतो. डबल्समध्ये लॉबसाठी, म्हणजे समोरच्याच्या डोक्यावरून उंच टाकायच्या चेंडूसाठी, हे वरदान आहे. पहिली सर्व्हही तिघींत हिचीच जोरदार. मात्र सपाट फटका मारायचा मोह झाला की चेंडू हातभर बाहेर. तिला टॉपस्पिन द्यावाच लागतो, खालून वर घासूनच मारावं लागतं. नेटजवळ हळूच टाकायचा ड्रॉप शॉट मला हिच्यावर शेवटपर्यंत जमला नाही. चेंडू तारांवर थांबतच नाही असं वाटतं.

बॅबोलाट ही कंपनी 1875 पासून तारा बनवते. रॅकेट तिनं 1994 मध्ये काढली. म्हणजे जवळजवळ एकशेवीस वर्षं रॅकेट नाहीच, तारा, त्याही सुरुवातीला जनावराच्या आतड्याच्या. इंग्रजीत आतड्याला गट म्हणतात, आपण आजही नायलॉनची तार घालून 'गटिंग केलं' म्हणतो ते त्यावरूनच. हे वाचल्यावर मला मार्कर काकांचं बोलणं अजूनच पटलं.

ब्लेड 98. हिच्याबद्दल सावकाश लिहायला हवं, कारण माझा सगळ्यात जास्त जीव हिच्यावर आहे. 305 ग्रॅम, हेड 98, फ्रेम खालपासून वरपर्यंत 21 मिलिमीटर, कडकपणा साठच्या जरा वर. चेंडू लागला की फ्रेम किंचित वाकून परत आल्याचं तळहाताला कळतं. बॅकहँडचा स्लाइस हिच्यावर इतका खाली राहतो की समोरच्याला गुडघ्यात वाकूनच उचलावा लागतो. व्हॉली, म्हणजे टप्पा पडण्याआधीच मारलेला चेंडू, जिथे बघाल तिथे जाते. क्रॉसकोर्ट रिटर्नवर नेटवरच्या खेळाडूच्या हातापासून वीतभर लांबून चेंडू काढायचा असेल तर मला हीच रॅकेट हवी.

पण ती स्वतःहून काही देत नाही. पाय वेळेवर पोचले नाहीत, चेंडू मधोमध लागला नाही, की फटका सर्व्हिस लाइनशी मरतो. पहिल्या सेटमध्ये मी हिच्यावर माझं सगळ्यात चांगलं टेनिस खेळले. दुसऱ्या सेटच्या 4-4 ला दंड भरून यायचा. वजनात पाचच ग्रॅमचा फरक आहे, तो एवढा कसा जाणवेल असं मलाही वाटलं होतं. हातोडा दांड्याच्या टोकाशी धरला तर जड लागतो आणि लोखंडाजवळ धरला तर हलका, तसं रॅकेटचं आहे. वजन किती यापेक्षा ते कुठे आहे यावर फिरवतानाचा भार ठरतो. वजनकाट्यावर तो दिसत नाही, म्हणून दुकानात दोनदा हवेत फिरवून रॅकेट घेऊ नका. निदान दोन सेट खेळा, आणि दुसऱ्या सेटच्या शेवटी निर्णय घ्या.

ईझोन 100. 300 ग्रॅम, हेड 100. योनेक्सच्या हेडचा आकार गोल नसून वरच्या कोपऱ्यांना चौकोनी, त्यामुळे कडेच्या तारांनाही लांबी मिळते आणि स्वीट स्पॉट, म्हणजे फटका नीट बसतो ती मधली जागा, पसरतो. जाहिरातीत हे सगळेच म्हणतात, पण इथे ते पहिल्याच दिवशी कळलं. माझा चेंडू बरेचदा मध्याच्या वर, टोकाकडे लागतो. ब्लेडवर असा फटका लागला की रॅकेट हातात वळते, ईझोनवर चेंडू जरा कमी वेगानं, पण रेषेच्या आत जातो. जोर प्युअर ड्राइव्हपेक्षा थोडा कमी, ताबा ब्लेडपेक्षा थोडा कमी. आवाज दबका. कोपराला महिनाभरात एकदाही कुरकुर नाही. ज्यांना विचार न करता खेळायचं आहे त्यांनी हीच घ्यावी. मला तिच्यावर एकही फटका असा आठवत नाही की ज्याचा आनंद घरी येईपर्यंत टिकला. ब्लेडवरचे असे चार तरी आठवतात.

आपल्या हवेबद्दल थोडं. पावसाळ्यात चेंडूची लव पाणी पिते आणि तो जड होतो. अशा दिवशी ब्लेड बाहेर काढू नका, हात भरून येतो, प्युअर ड्राइव्हच बरी. मल्टिफिलामेंट ओल्या चेंडूनं लवकर उसवते. ऑक्टोबरच्या उकाड्यात तारा सैलावतात आणि कालपर्यंत आत पडणारा चेंडू आज बाहेर जातो. पाम बीच रोडला गाडी उन्हात उभी करून रॅकेट डिकीत ठेवण्याची चूक मी एकदा केली; दोन दिवसांत तारांचा ताण इतका उतरला की अंगठ्यालाही कळत होता. घामासाठी चिकट ओव्हरग्रिपपेक्षा कोरड्या पोताची मला जास्त चालली. मे महिन्यात ती आठवड्याला बदलावी लागते.

गटिंग न तुटताही मरतं, हे पॉलिएस्टरवाल्यांनी विशेष लक्षात घ्यावं. आठवड्यातून जितक्या वेळा खेळता तितक्या वेळा वर्षात बदला असा खेळाडूंचा ठोकताळा आहे. माझ्या हिशेबानं चारदा. मी फ्रेमच्या गळ्यापाशी कागदी टेप लावून त्यावर तारीख आणि पाउंड लिहून ठेवते. मोठ्या खेळाडूच्या हातात दिसली म्हणून रॅकेट घेणाऱ्यांना एकच सांगते: त्यांच्या रॅकेटी बरेचदा वरून नव्या रंगाच्या आणि आतून वेगळ्या साच्याच्या असतात.

सध्या प्युअर ड्राइव्ह मल्टिफिलामेंटवर 51 पाउंडांना आहे आणि सोसायटीच्या सामन्यांत मी तीच वापरते. ईझोन ताईंना परत केली. त्यांनी तिच्यात परत पॉलिएस्टर घातलं नाही. ब्लेडला 49 पाउंडांवर नवं गटिंग करून घेतलंय. रविवारी सकाळी स्कोअर न मोजता काकांबरोबर तासभर फक्त स्लाइस आणि व्हॉली खेळते, तेव्हा बॅगेतून तीच निघते.