रिंग गेली म्हणून दाखवलेला धूर

गवत कापायचं मशीन कुणी आडवं केलं, पुन्हा सरळ करून दोरी ओढली आणि भसाभसा पांढरा धूर निघाला, तर इंजिनची रिंग, म्हणजे पिस्टनभोवतीचं कडं, गेली असं त्यावरून अजिबात ठरत नाही. हे पहिल्याच ओळीत सांगतो. पुढचं वाचायला कुणाला वेळ नसला तरी एवढं ध्यानात राहिलं तर पैसे वाचतील. माझे ७,८०० गेले.

मी दापोली तालुक्यात समुद्राकाठच्या रिसॉर्टांची लॉनं सांभाळतो. कर्दे, मुरुड, लाडघर हा माझा पट्टा. वर्षाच्या बोलीवर कामं घेतो, हाताखाली एक भाचा आहे, आणि आमचं पोट ज्याच्यावर चालतं ते मशीन म्हणजे १६३ सीसीचं फोर-स्ट्रोक पेट्रोल इंजिन बसवलेला मोठा लॉन मोवर. पावसात लॉन इतकं माजतं की आठवड्याला फिरवावं लागतं, आणि पाऊस उघडला की दिवाळीच्या गर्दीआधी सगळी हिरवळ एकसारखी दिसली पाहिजे असा मालकांचा धोशा असतो. म्हणजे दसरा ते दिवाळी मशीन बंद पडून चालत नाही. ज्यांना आम्हाला गाठायचं असतं त्यांनाही हे ठाऊक असतं.

दसरा झाला आणि गावात एक पिकअप आली. मागे फ्लेक्स लावलेला, ‘मोफत इंजिन तपासणी शिबिर, लॉन मोवर, ग्रास कटर, पॉवर टिलर’. दोन पोरगे, दोघांच्या अंगात सारखे टी-शर्ट, खिशावर एका नावाजलेल्या कंपनीचं चिन्ह. ते चिन्ह बाजारात कुणीही छापून देतो, पण बघणाऱ्याला वाटतं की कंपनीचीच माणसं आली. शेजारच्या शहरात त्यांचं दुकान आहे म्हणाले. नाव लिहीत नाही, कारण प्रकरण चालू आहे आणि अशा गाड्या एकाच दुकानाच्या असतात असंही नाही. देवळापुढच्या वडाखाली गाडी लावली आणि तासाभरात आंब्या-काजूचे बागायतदार, मी, एका फार्महाऊसचा राखणदार असे सगळे आपापलं धूड घेऊन रांगेत.

माझ्या मशीनला तेव्हा काही झालेलं नव्हतं. पावसाळा संपला की नेहमीची सर्व्हिस करायची, ऑइल बदलायचं, फिल्टर-प्लग बघायचा, पात्याला धार लावायची, एवढंच होतं. फुकट तपासतायत तर तपासू दे म्हटलं.

आता त्याने काय केलं ते नीट सांगतो, कारण सगळी मेख तिथेच आहे. पोरगा म्हणाला, ‘शेठ, आधी पातं बघतो.’ मशीन एका अंगावर पाडलं आणि पातं हातात धरून बोलत बसला. धार कशी गेली आहे, जांभ्याचा खडा लागून कड कशी मुडपली आहे, बॅलन्स कसा बिघडतो. सगळं खरंच होतं, म्हणून आम्ही माना डोलावत होतो. मशीन तेवढा वेळ आडवंच. भाचा शेजारी उभा होता, त्याने नंतर सांगितलं की एअर फिल्टरची बाजू खाली होती. मग त्याने मशीन सरळ केलं आणि दोरी ओढली. ओढता ओढता म्हणाला, ‘कंप्रेशन पण हलकं लागतंय.’ इंजिन घुटमळलं, सुरू झालं, आणि असा धूर काढला की देवळाच्या पायऱ्या दिसेनात. पोरग्याने पटकन बंद केलं. ‘बघा शेठ. रिंग गेली. असंच चालवलंत तर दिवाळीत सिलिंडर धरेल.’

दिवाळीत सिलिंडर धरेल, म्हणजे इंजिन जाम होईल, म्हटल्यावर माझ्यासारखा माणूस काय करणार? मशीन त्यांच्या गाडीत चढलं.

या धुराचं कारण साधं आहे. फोर-स्ट्रोक इंजिनचं ऑइल त्याच्या पोटात खाली साठलेलं असतं. पोटातली वाफ बाहेर जायला एक नळी असते आणि ती एअर फिल्टरच्या बाजूला येते. मशीन फिल्टर खाली करून पाडलं की ऑइल त्या वाटेने फिल्टरमध्ये झिरपतं, थोडं सिलिंडरमध्येही जातं. सुरू केलं की तेच जळतं आणि पांढरा-निळसर धूर येतो. काही मिनिटं चालू ठेवलं तर आत गेलेलं ऑइल जळून धूर थांबतो. म्हणूनच त्याने इंजिन लगेच बंद केलं, चालू ठेवलं असतं तर खेळ संपला असता. मशीन पाडायचंच झालं तर पेट्रोलचा कॉक बंद करायचा, प्लगची टोपी काढायची आणि फिल्टर-कार्बोरेटरची बाजू वर ठेवून पाडायचं. इंजिनबरोबर येणाऱ्या पुस्तकात हे लिहिलेलं असतं. आणि दोरी हलकी लागली म्हणजे कंप्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, गेलं असंही नाही. दोरी सोपी जावी म्हणून बऱ्याच इंजिनांत सुरू होताना झडप किंचित उघडी ठेवायची सोयच केलेली असते.

रिंग खरोखर गेली असेल तर धूर इंजिन तापल्यावरही, दाट गवतात जोर लागतानाही येत राहतो. ऑइलची पातळी दर काही दिवसांनी खाली गेलेली दिसते. प्लग काढला तर काळा आणि तेलकट ओला निघतो. यातलं माझ्याकडे काहीच नव्हतं. टू-स्ट्रोक ग्रास कटरवाल्यांनी मात्र हे स्वतःला लावून घेऊ नये, त्यांच्या पेट्रोलमध्येच ऑइल मिसळलेलं असतं, थोडा धूर यायचाच.

मशीन परत आलं तेव्हा बाहेरून धुऊन चकाचक. बरोबर एक चिठ्ठी, वर छापलेलं ‘एस्टिमेट’. पिस्टन-रिंग सेट २,८००, गॅस्केट ६५०, एअर फिल्टर ४५०, प्लग २५०, ऑइल एक लिटर ५५०, कार्बोरेटर सफाई ६००, मजुरी २,५००. जुने सुटे भाग मागितले तर, ‘भंगारात गेले ना शेठ, तुम्हाला काय उपयोग?’ दुकानाचा जीएसटी क्रमांक नाही, भागांचे नंबर नाहीत, वॉरंटीचा शब्द नाही. पक्कं बिल मागितलं तर १८ टक्के वर पडतील म्हणाला. पैसे मी फोनवरून भरले. हे पुढे फार उपयोगी पडलं.

मशीन दोन-तीन लॉनं चाललं आणि दाट गवतात दम टाकायला लागलं. थोडा धूरही होता. फोन केला तर उत्तर तयारच, ‘नवीन रिंग बसायला वेळ लागतो.’ ऐकायला पटतं हे, कारण नव्या रिंगा बसायला थोडा वेळ लागतो हे खरंच आहे. या लोकांचं निम्मं बोलणं खरं असतं. तद्दन खोटं बोलणारा माणूस परवडला.

शेवटी मशीन टेम्पोत घालून हर्णै बंदरावर नेलं. तिथे बोटींची इंजिनं करणारे एक काका आहेत, गवताच्या मशीनशी त्यांचा संबंध नाही, पण इंजिन ते इंजिन. काकांनी पाना हातात घेतलाच नाही. उकिडवे बसले, चष्मा कपाळावर चढवला आणि इंजिनच्या तळाकडे बघत राहिले. मग बोटाच्या नखाने एका बोल्टच्या डोक्यावर खरवडलं. तांबूस पापुद्रा निघाला.

‘ह्ये खोललानी म्हनतोस? कुठनं?’

मी चिठ्ठी दाखवली.

‘रिंग टाकायची तर हेड उतरवायला लागतो, खालचा कव्हर काढायला लागतो. ह्यो बोल्ट फिरलेलाच नाय. बघ.’

मी बघितलं. आमच्याकडच्या खाऱ्या हवेत एका पावसाळ्यात बोल्टच्या डोक्यावर गंजाची साय धरते. तळाच्या कव्हरच्या एकूण एक बोल्टवर ती साय अखंड होती. बोल्ट आणि कव्हर यांच्या फटीत वाळलेलं गवत ठेचून बसलेलं, त्याच्यावर लाल माती. हेडच्या, म्हणजे सिलिंडरच्या टोकावरच्या झाकणाच्या, बोल्टांवर कंपनीचा रंग तसाच, कडेला कुठे चरा नाही. पाना लागला असता तर कोपरे चकाकले असते. इंजिन कुणी उघडलंच नव्हतं.

मग काकांनी फिल्टरचा डबा उघडला. मला एक सवय आहे, नवा कागदी फिल्टर घातला की त्याच्या कडेवर मार्करने महिना लिहून ठेवतो. आत जो ‘नवा’ फिल्टर होता त्याच्या कडेवर माझ्याच अक्षरात ‘मार्च’. एका कोपऱ्यात ऑइलचा डाग, बाकी घड्यांमध्ये तांबडी धूळ लिंपलेली. इंजिन दम का टाकत होतं ते तिथेच कळलं, त्याला श्वास घ्यायला जागाच नव्हती. त्या ‘मार्च’चा मी फोटो काढला.

प्लगही दाखवण्यासारखा होता. ब्रशने घासून पांढरा केलेला जुना प्लग. नव्या प्लगच्या मधल्या टोकाच्या कडा धारदार असतात, याच्या झिजून गोल झाल्या होत्या आणि फट बरीच रुंद. माझ्या इंजिनला ती ०.७ ते ०.८ मिलिमीटर लागते. ऑइल काळं कुळकुळीत. म्हणजे बदललेलं नव्हतं, उलट वर आणखी ओतून पातळी वरच्या खुणेच्या पार नेलेली. जादा ऑइलनेही इंजिन धूर काढतं, तोच ‘रिंग बसतेय’ म्हणून सांगितलेला धूर. माझ्या इंजिनमध्ये ऑइल मावतं साडेसहाशे मिली, बिलात एक लिटर. कार्बोरेटरच्या वाटीच्या स्क्रूलाही हात लागला नव्हता, आत तळाला चिकट गाळ. हल्ली पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते दमट हवेतलं पाणी ओढून घेतं, त्यामुळे आमच्यासारख्या ठिकाणी ही वाटी खरोखरच साफ करायला हवी. जे करायला हवं होतं तेच नेमकं केलं नाही.

काकांनी ऑइल, प्लग, फिल्टर बदलून आणि वाटी धुऊन दिली. मशीन तासभर चालवून बघितलं, धुराचा पत्ता नाही. आता ही सगळी कामं आम्हीच करतो. पुस्तकाप्रमाणे पहिलं ऑइल २० तासांनी, नंतर दर १०० तासांनी किंवा सहा महिन्यांनी, फिल्टरची सफाई दर ५० तासांनी. जांभ्याच्या धुळीत मी ५० तास थांबत नाही, भाचा दर आठवड्याला फिल्टर काढून आपटतो. कागदी फिल्टर पेट्रोलमध्ये किंवा पाण्यात धुवायचा नाही, आपटून झटकायचा आणि नाही निघाली धूळ तर फेकायचा. इंजिन उघडण्यासारखं मोठं काम बाहेर द्यायची वेळ आलीच तर देण्याआधी हेडच्या आणि तळाच्या बोल्टांवर नेलपॉलिशची रेघ ओढून फोटो काढतो. बोल्ट फिरला की रेघ तुटते. जुने भाग परत हवेत हे मशीन देतानाच चिठ्ठीवर लिहून घेतो. नवा भाग पाकिटासकट, पाकिटावर किंमत आणि बनवणाऱ्याचं नाव असेल तरच.

दुकानदाराला मी फिल्टरचा, बोल्टांचा फोटो पाठवला. आधी दोन दिवस शांतता. मग फोन, ‘पोरांकडून झालं असेल, या दुकानात, चहा घेऊ.’ मी लेखी मागितल्यावर सूर बदलला. ‘तुमचं मशीन धंद्याचं आहे. धंदेवाल्याला ग्राहक कोर्ट नाही.’ हे ऐकून बरेच जण गप्प बसतात. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यावसायिक कारणासाठी घेतलेला माल वगळलेला आहे हे खरं, पण त्याच कलमाखाली स्पष्टीकरण आहे की स्वतः कष्ट करून फक्त पोट भरण्यासाठी वापरलेल्या मालाला व्यावसायिक म्हणायचं नाही. मशीन मी आणि भाचा ढकलतो. पिस्टन, रिंग, फिल्टर, प्लग हा मालच, आणि तो विकला म्हणून पैसे घेतले.

मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करून तक्रार नोंदवली, सोबत चिठ्ठी, फोटो आणि पैसे भरल्याची नोंद दिली. रोख दिले असते तर यातलं शेवटचं नसतं. त्यानंतर दुकानदाराने सुट्या भागांचे पैसे परत केले, मजुरी आणि सफाईचे ३,१०० अजून अडवून ठेवले आहेत. नाहीच दिले तर रत्नागिरीच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाणार. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही, वकील लागतोच असं नाही आणि तक्रारीला दोन वर्षांची मुदत आहे.

वडाखाली त्या दिवशी आलेल्यांपैकी आणखी दोघांच्या मशीनची ‘रिंग’ गेली होती. फार्महाऊसच्या राखणदाराला मी बोल्ट दाखवले, त्याच्या मालकाने मुंबईहून फोन केला आणि पैसे मिळवले. दुसरे आमचे बागायतदार भाऊ. ते अजून त्या पोराचं कौतुक करतात. ‘धूर गेला की नाही? मग झालं तर.’ धूर आपोआपच जाणार होता हे मी त्यांना चार जणांसमोर समजावून सांगितलं. तळाचे बोल्ट तरी एकदा बघा म्हटलं. म्हणाले, आंब्याची फवारणी आटपू दे, मग बघू. पुढच्या दसऱ्याला येण्यासाठी त्या पोराला त्यांनी ५०० रुपये आगाऊ दिले आहेत.