सीएल ५०० की ६५०आय? जुनी आलिशान कूपे घेण्याआधीचा हिशेब

ॲव्हरेज किती देते, हा प्रश्न बहुतेक जण आधी विचारतात, तेव्हा तो आधीच उरकून घेऊ. मर्सिडीज-बेंझ सीएल ५०० (सी२१५ पिढी, १९९९ ते २००६) शहराच्या गर्दीत लिटरला ५ ते ६ किलोमीटर जाते. मोकळ्या रस्त्यावर ताशी शंभरच्या आसपास एकसारखी चालवली तर ९ ते १०. बीएमडब्ल्यूची ई६३ सिक्स सिरीज, म्हणजे आधीची ६४५सीआय किंवा २००५ नंतरची ६५०आय, शहरात साडेपाच ते साडेसहा देते आणि हायवेला १० ते ११. मिश्र वापरात सीएलला ७ आणि बीएमडब्ल्यूला ७.७ धरा. वर्षाला १०,००० किलोमीटर पळवली तर एकीला साधारण १,४३० लिटर पेट्रोल लागेल, दुसरीला १,३००. फरक १३० लिटरचा. बीएमडब्ल्यूची टाकी ७० लिटरची आहे, म्हणजे वर्षाकाठी दोन टाक्यांचाही फरक नाही. त्यावरून गाडी निवडणं म्हणजे हत्ती घ्यायला जाऊन अंकुशावर घासाघीस करणं.

निवड ठरते ती दुखणं कुठे आहे त्यावर. सीएलचं इंजिन दणकट, पण सस्पेन्शन खिसा रिकामा करणारं. सिक्सचं सस्पेन्शन त्या मानानं सरळ, पण इंजिन गळकं. दोन्हीकडे व्ही८ पेट्रोल इंजिन, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, मागच्या चाकांना ताकद. कागदावर जुळी वाटतात, पण गॅरेजमध्ये दोघींची बिलं अगदी वेगळ्या भागांची निघतात.

बीएमडब्ल्यू: पेट्रोल वाचवणारी उष्णता

६४५सीआयमध्ये एन६२ इंजिन ४.४ लिटरचं आहे, ३३३ अश्वशक्तीचं. ६५०आयमध्ये तेच ४.८ लिटरचं, ३६७ अश्वशक्तीचं. व्हॉल्व्हट्रॉनिकमुळे इनटेक व्हॉल्व्हची उचल ०.३ मिलिमीटरपासून ९.८५ मिलिमीटरपर्यंत बदलते. हवेचं प्रमाण थ्रॉटलऐवजी व्हॉल्व्हच ठरवतात, त्यामुळे हलक्या पायानं चालवताना पेट्रोल वाचतं. शिवाय कमी लोडवर इंजिन मुद्दाम १०५ अंशांच्या आसपास गरम ठेवलं जातं. पातळ झालेल्या ऑइलमुळे घर्षण घटतं आणि मायलेज थोडं वाढतं.

या इंजिनाची निम्मी दुखणी त्याच उष्णतेतून येतात. इंजिनातलं प्रत्येक रबर वर्षानुवर्षं शिजत राहतं आणि शेवटी प्लास्टिकसारखं कडक होतं.

पहिला बळी व्हॉल्व्ह स्टेम सील. बत्तीस व्हॉल्व्ह, बत्तीस सील. ते कडक झाले की गाडी उभी राहून आयडलला असताना ऑइल व्हॉल्व्हच्या दांड्यावरून खाली झिरपतं. सिग्नलला दहा मिनिटं थांबून ॲक्सिलरेटर दाबला की मागे निळसर धुराचा ढग उठतो. पुढे हजार किलोमीटरला लिटरभर ऑइल जायला लागतं आणि ते जळकं ऑइल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचीही वाट लावतं. सील स्वस्त आहेत, पण लेबर दिवसांत मोजावं लागतं. खास टूल असलेला मेकॅनिक हेड न उतरवता हे काम करतो, तेव्हा ज्याच्याकडे ते टूल आहे त्यालाच द्या. एक सावधगिरी मात्र हवी: धूर दिसला की लगेच सीलवर खापर फोडू नका. टॅपेट कव्हरमधल्या ब्रीदर व्हॉल्व्हचा पडदा फाटला तरी असाच धूर येतो, आणि तो पडदा बदलणं फार किरकोळ काम आहे. आधी तोच तपासा.

दुसरं दुखणं जास्त फसवं आहे. दोन्ही हेडांच्या मधल्या खोबणीतून एक कूलंट पाइप जातो. त्याचं पुढचं सील सुटलं की कूलंट खोबणीत उतरतं आणि गरम इंजिनावर तिथल्या तिथे वाळून जातं. खाली थेंब दिसत नाही, टाकीतली पातळी मात्र दर काही आठवड्यांनी खाली. शेवटी टायमिंग कव्हरच्या छोट्या भोकातून थेंब पडू लागतात आणि वॉटर पंपच गेला असं समजून पंप बदलला जातो. गळती तशीच राहते. कंपनीच्या पद्धतीनं हा पाइप बदलायचा तर टायमिंग कव्हर उतरवावं लागतं, म्हणजे जवळपास अर्धं इंजिन उघडलं. त्यावर बाजारात दुर्बिणीसारखा लांब होणारा दोन तुकड्यांचा पाइप मिळतो. वॉटर पंप आणि इनटेक काढून जुना पाइप कापायचा, नवा पुढून सरकवायचा आणि दोन्ही टोकांना ताणून घट्ट बसवायचा. नीट बसवला तर टिकतो. विक्रेता ‘पाइपचं काम झालंय’ म्हणाला तर बिलावर नेमका कोणता पाइप लिहिलाय ते वाचा.

तिसरं काम आल्टरनेटर ब्रॅकेटच्या पॅकिंगचं. पॅकिंग गळलं की ऑइल थेट आल्टरनेटरवर पडतं आणि छोट्या पॅकिंगपायी आल्टरनेटर जातो. टॅपेट कव्हरची पॅकिंगं आणि व्हॅक्यूम पंप यांचीही गळती ठरलेलीच. व्हॉल्व्हट्रॉनिकच्या एक्सेंट्रिक शाफ्टचा (व्हॉल्व्हची उचल बदलणाऱ्या दांड्याचा) सेन्सर टॅपेट कव्हरखाली असतो. त्यात ऑइल शिरलं की आयडल बिघडतं आणि इंजिन ताकद सोडतं. म्हणून कव्हर एकदा उघडलंच तर सेन्सरचं सील आणि स्पार्क प्लगच्या नळ्यांची सीलं त्याच वेळी बदलून घ्या. दुसऱ्यांदा उघडायचं लेबर वाचेल.

मर्सिडीज: इंजिन विसरा, पाय बघा

सीएल ५०० चं एम११३ इंजिन ५ लिटरचं, ३०६ अश्वशक्तीचं. दर सिलिंडरला तीन व्हॉल्व्ह आणि दोन स्पार्क प्लग, म्हणजे प्लग बदलायचे तर सोळा घ्यावे लागतात. हे इंजिन जुन्या धाटणीचं आहे आणि म्हणूनच टिकतं. याची दुखणी मोजकी: क्रँक सेन्सर (गरम इंजिन बंद केलं की पुन्हा सुरूच होत नाही, थंड झालं की होतं), एअर मास सेन्सर (आत येणारी हवा मोजणारा), टॅपेट कव्हरवरच्या ब्रीदर झाकणांची गळती, आणि क्रँक पुलीतलं रबर. पुली डगमगताना दिसली की लगेच बदला. ती सुटली तर बेल्टबरोबर बरंच काही घेऊन जाते.

आता एबीसी, म्हणजे ॲक्टिव्ह बॉडी कंट्रोल. सीएलची सगळी ऐट आणि सगळा धोका इथेच आहे. प्रत्येक चाकाच्या स्प्रिंगवर एक हायड्रॉलिक दट्ट्या आहे. पंप २०० बारपर्यंत दाब देतो आणि कॉम्प्युटर प्रत्येक कोपरा स्वतंत्र उचलतो-दाबतो. म्हणून वळणावर ही जड गाडी झुकतच नाही. या व्यवस्थेत अँटीरोल बार, म्हणजे वळणावर झुकणं रोखणारे दांडे, मुळातच नाहीत.

बिघाड सहसा ॲक्युम्युलेटरपासून, म्हणजे दाब साठवणाऱ्या गोळ्यांपासून, सुरू होतो. या गोळ्यांमध्ये नायट्रोजन भरलेला असतो आणि वर्षांनुवर्षं तो निसटत जातो. पुढच्या-मागच्या गोळ्या मेल्या की गाडी खड्ड्यात दणके द्यायला लागते. पंपाजवळची गोळी मेली तर पंपाचे ठोके सरळ होजमध्ये जातात आणि काही महिन्यांत होज फुटतो. होज फुटला की ऑइल काही मिनिटांत रस्त्यावर. त्यानंतरही चालवत राहिलात तर पंप कोरडा फिरून मरतो आणि त्याचा धातूचा चुरा सगळ्या व्हॉल्व्हमध्ये पसरतो. म्हणून डॅशबोर्डवर एबीसीचा लाल इशारा आला की गाडी तिथेच उभी करा. पुढच्या पेट्रोल पंपापर्यंतसुद्धा नेऊ नका. पांढरा इशारा असेल तर गॅरेजपर्यंत सावकाश जाता येतं.

रात्रीत एक बाजू दोन-तीन सेंटिमीटर खाली बसत असेल तर दोष बहुधा व्हॉल्व्ह ब्लॉकचा. ब्लॉक उतरवून ओ-रिंग बदलल्या की अनेकदा पुरतं, सरसकट नवा ब्लॉक घ्यायची घाई नको. यात सीएचएफ ११एस प्रकारचंच हायड्रॉलिक ऑइल लागतं. कुणी गिअरबॉक्सचं ऑइल ओतलं असेल तर सीलं फुगतात. टाकीतला कागदी फिल्टर किरकोळ असतो, पण वर्षानुवर्षं कुणी त्याला हात लावत नाही. ऑइल बदलल्यावर स्कॅनरनं गाडी वरखाली नाचवून आतला मळ बाहेर काढायचा आणि पुन्हा नवा फिल्टर घालायचा. ही नाचवायची सोय नसलेल्या गॅरेजमध्ये एबीसीचं काम टाकू नका.

साधे स्प्रिंग-शॉक घालून एबीसी काढून टाकण्याचे किट मिळतात. गाडी चालते, इशारेही बंद करता येतात. पण अँटीरोल बार नसल्यामुळे वळणावर बोटीसारखी कलते. अशी बदललेली सीएल स्वस्तात मिळत असेल तरी ती मग सीएल राहिली नाही, हे समजून घ्या.

सिक्समध्येही काही गाड्यांत डायनॅमिक ड्राइव्ह नावाचे हायड्रॉलिक अँटीरोल बार आहेत आणि तेही गळतात. फरक एवढाच की ते बिघडले तर गाडी झुकते, पण आपल्या पायांवर उभी राहते.

गिअरबॉक्स आणि बाकीचं

सुरुवातीच्या सीएलमधला पाच गिअरचा ७२२.६ भरवशाचा आहे. त्याचा वायरिंग प्लग गळतो आणि ऑइल तारांच्या आतून चढत कंट्रोल युनिटपर्यंत पोचतं. प्लग बदलणं अगदी छोटं काम, युनिट बदलणं नाही. २००३ च्या अखेरीपासून सात गिअरचा आला. हायवेला तो थोडं बरं मायलेज देतो, पण त्याची आतली इलेक्ट्रॉनिक प्लेट जाते. निवड हातात असेल तर पाच गिअरवाली घ्या.

सिक्समध्ये झेडएफ या कंपनीचा सहा गिअरचा. त्याचं प्लास्टिकचं चेंबर आणि फिल्टर एकच तुकडा आहे, म्हणजे फिल्टर बदलायचा तर चेंबरही बदलायचं. मेकाट्रॉनिकची (गिअरबॉक्सच्या आतल्या कंट्रोल युनिटची) सीलं त्याच वेळी घाला. झेडएफ स्वतः ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरला ऑइल बदलायला सांगते, तेव्हा ‘लाइफटाइम ऑइल’ हे वाक्य दोन्ही गाड्यांबाबत कानाआड करा.

बॉडी तपासताना लोहचुंबक घरीच ठेवा. सीएलचं छत आणि बॉनेट ॲल्युमिनियमचं, पुढचे मडगार्ड आणि डिकीचं झाकण प्लास्टिकचं. सिक्सचं बॉनेट आणि दरवाजे ॲल्युमिनियमचे, मडगार्ड प्लास्टिकचे. चुंबक न चिकटणं म्हणजे पुट्टी असं इथे नाही. गंज शोधायचा तर खालून, जॅक लावायच्या जागांपाशी.

बघायला गेल्यावर

आधी बॉनेटला हात लावा. गरम असेल तर विक्रेत्याला थंड गाडी दाखवायची नाही. सीएल असेल तर चारही चाकांच्या मध्यापासून कमानीपर्यंतचं अंतर टेपनं मोजा, शक्य झालं तर आदल्या संध्याकाळी आणि सकाळी असं दोनदा. सुरू केल्यावर गाडी एकदम, न कुरकुरता वर यायला हवी. बटण दाबून उंची वाढवा, पुन्हा खाली घ्या, पंपाचा आवाज ऐका. रडका, खर्जातला आवाज म्हणजे पंप थकलाय.

सिक्स असेल तर फिरवून आणा, मग एसी लावून पंधरा मिनिटं आयडलला ठेवा आणि कुणाला तरी मागे उभं करून ३,००० आरपीएमपर्यंत न्या. विक्रेता ‘उगाच कशाला पेट्रोल जाळायचं’ म्हणाला तर उत्तर मिळालंच समजा.

स्कॅनर लावलात तर चुकांचे कोड वाचून थांबू नका. कूलंटचं तापमान बघा. सीएल गरम झाल्यावरही ८० अंशांखाली राहत असेल तर थर्मोस्टॅट उघडा अडकलाय, आणि लिटरला अर्धा-पाऊण किलोमीटर तिथेच जातोय. सिक्स १०० ते १०५ दाखवत असेल तर घाबरू नका, ते तिचं नेहमीचं आहे. लाँग टर्म फ्युएल ट्रिम, म्हणजे कॉम्प्युटर पेट्रोलच्या प्रमाणात सतत करत असलेली दुरुस्ती, अधिक दहा टक्क्यांच्या वर असेल तर कुठून तरी फुकटची हवा आत शिरतेय किंवा एअर मास सेन्सर खोटं बोलतोय. फिरून आल्यावर चारही चाकांजवळ हात न्या. एकच चाक जास्त तापलं असेल तर ब्रेक धरून बसलाय. मायलेज घटल्याची तक्रार असलेल्या जुन्या गाड्यांत हे कारण वाटतं त्यापेक्षा जास्त वेळा निघतं.

मग कोणती?

रोज गर्दीतून, थांबत-थांबत चालवायची असेल तर सीलचं काम न झालेली ६५०आय घेऊ नका. आयडल हाच तिचा शत्रू. त्या वापराला एबीसीची बिलं असलेली सीएल बरी. गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर उलट: सीएल खाली बसून राहते, सिक्सला बॅटरी चार्जरवर ठेवलं की भागतं. जवळ चांगलं स्कॅनरवालं गॅरेज नसेल तर दोन्हींचा नाद सोडा.

आणि मायलेज खरंच महत्त्वाचं असेल, तर याच बॉडीत ६३०आय मिळते, तीन लिटर सहा सिलिंडरची. लिटरला दीड-दोन किलोमीटर जास्त देते आणि व्ही८ ची कूलंट पाइपची भानगड तिच्यात नाही. तिचा इलेक्ट्रिक वॉटर पंप अचानक जातो, तेवढा आधीच बदलून टाका. लांबच्या प्रवासांसाठी २००७ नंतरची डिझेल ६३५डी तर हायवेला १२-१४ सहज देते. फक्त छोट्या-छोट्या फेऱ्यांत तिचा डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, तुंबतो. सीएल ६०० च्या मोहात मात्र पडू नका. बारा सिलिंडर, चोवीस प्लग, आणि एका बाजूचे सगळे इग्निशन कॉइल एकाच पट्टीत: एक गेला की अख्खी पट्टी बदलायची.

व्ही८ च घ्यायची ठरली तर किमतीच्या साधारण एक तृतीयांश रक्कम पहिल्या वर्षासाठी बाजूला ठेवा. सीएल असेल तर पहिल्याच आठवड्यात एबीसीचं ऑइल, दोन फिल्टर आणि गोळ्यांची तपासणी. सिक्स असेल तर ब्रीदरचे पडदे, आल्टरनेटर ब्रॅकेटचं पॅकिंग, आणि कूलंटच्या टाकीवर मार्करनं एक रेघ. महिनाभरानं पातळी त्या रेघेखाली गेली असेल तर खोबणीतल्या पाइपचं काम काढायचं.